जेल रोड, दुसरा मजला

खोका आला तेव्हा लाईट गेलेली.
कुरिअरवाला जिना चढून धापा टाकत म्हणाला,
"मॅडम, ओव्हन आहे का?"
मी सही केली. सांगितलं नाही.

आत मशीन. दुकानात मिळतं तसंच,
फक्त पोटावर एक नंबर आणि त्याखाली एक ओळ:
कंपनीची मालमत्ता. मागताच परत करावी.

त्याआधी आठ महिने मेल लिहीत होतो.
मग एका रात्री व्हिडिओवर एक गोड बोलणारा गृहस्थ,
मागे पांढरी भिंत, भिंतीवर खिळासुद्धा नाही.
"छोट्या टीम आम्हाला फार आवडतात," म्हणाला.
मला स्थळ बघायला आल्यासारखं वाटलं.
टीम म्हणजे मी आणि मेहजबीन,
आणि मेहजबीनचा माईक, जो घेऊन ती
तांबट आळीत तीन दुपारी बसली होती
हातोड्याच्या ठोक्यांसाठी.

खेळ कशाबद्दल, त्यानं विचारलं.
म्हटलं, पुराबद्दल. नदीकाठी आमचा दुतोंड्या मारुती आहे,
त्याच्या घोट्याला पाणी लागलं की भांडी उचलायची,
कमरेला लागलं की दुकान,
छातीला लागलं की नुसतं पळायचं.
खेळात घड्याळ नाही. मारुतीच घड्याळ.
तो जरा गप्प. मग, "असं आमच्याकडे नाहीये."
म्हणजे हवंय, असं त्यांच्या भाषेत.

करार एकोणचाळीस पानांचा.
मशीन उसनं, दोन वर्षं, भाडं नाही.
भाषांतराचा खर्च त्यांचा, जपानीसुद्धा.
त्यांच्या दुकानाच्या दर्शनी पानावर एक आठवडा ठेवतील,
किंवा ठेवण्याचा विचार करतील, क्रियापद तसं आहे.
वर्षभर दुसऱ्या कुणाच्या मशीनवर जायचं नाही.
शंभरातले त्यांचे किती, ते मी लिहू शकत नाही.
आगाऊ किती मिळाले, तेही नाही.
एवढंच की मेहजबीननं भद्रकालीतली शिकवणी सोडली
आणि आम्ही इन्व्हर्टर घेतला.

बाबांना म्हटलं, या खोलीला आता कुलूप लागेल.
आत काय चाललंय, विचारू नका.
बाबा हसले. फार दिवसांनी, दात दिसतील असे.
एकतीस वर्षं ते नोटांच्या प्रेसमध्ये, तपासणीला.
दिवसभर कोऱ्या करकरीत तावांवरून नजर फिरवायची
आणि भोंगा झाला की झडती देऊन
रिकाम्या हातांनी सायकलवर टांग.
आई विचारायची, आज काय केलं?
"काही नाही."
लहानपणी मला वाटायचं, बाबा खरंच काही करत नाहीत.

पहिल्या तपासणीत खेळ नापास.
कंट्रोलरचा सेल संपला तरी पाणी चढतच राहतं म्हणे.
दुसऱ्यांदाही नापास. एका सूचनेत एक शब्द
त्यांना हवा तसा नव्हता.
मेहजबीन चिडली, तीन दिवस आली नाही.
मी जेवताना इतकंच म्हटलं, फार बारीक बघतात हो.
बाबा भात कालवता कालवता थांबले.
"एक ताव कमी भरला ना, तर कुणी घरी जायचं नाही.
एकदा रात्रीचे दोन वाजले होते."
हे त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं.

मग मी त्यांना कागदोपत्री घेतलं.
पद परीक्षक, मानधन रुपया एक,
गुप्ततेच्या फॉर्मवर त्यांची जुनी, तिरकी, सावकाश सही.
खेळता त्यांना येत नाही. पळायच्या वेळी ते उभेच राहतात,
मारुतीसोबत बुडतात, पुन्हा सुरू करतात.
पण चौथ्या दिवशी चष्मा कपाळावर सरकवून
पडद्याला नाक लावून म्हणाले,
"सातव्या पायरीचा निळा एका केसानं हललाय."
मेहजबीननं मोठं करून पाहिलं.
एक ठिपका. खरंच एकच ठिपका.

तिसऱ्यांदा पाठवलंय. उत्तर यायचंय.
मशीन परत जाईल एक दिवस, बिलाशिवाय, नंबरासकट,
दुकानात आमचा खेळ दिसेल किंवा
दहाव्या पानाखाली बुडेल, कोण सांगावं.
किल्ली सध्या बाबांच्या सदऱ्याच्या खिशात असते.
काल समोरचे निकुंभ काका जिन्यात उभे राहून
विचारत होते, रात्रभर दिवा असतो,
करतात काय हो पोरी त्या खोलीत?
मी आतून ऐकत होते.
बाबा दाराला पाठ टेकून, अगदी ड्युटीवरच्या आवाजात,
"काही नाही."